एमआरआयने ‘चार’ म्हटलं, म्हणजे कॅन्सर म्हटलं का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात; ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, ६६ वर्षांचे. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. अण्णांना बरीच वर्षं मधुमेह आहे. जुलैत, ऐन पावसात, त्यांना थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली आणि एका रात्री लघवी अडकलीच. नळी घालावी लागली. त्याच दिवसांत केलेला पीएसए (प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची रक्ततपासणी) १८.६ आला. सात दिवस अँटिबायोटिक दिलं, ताप उतरला, नळी निघाली. तीन आठवड्यांनी कोल्हापूरला एमआरआय केला. रिपोर्टात प्रोस्टेट ५८ सीसी, डाव्या बाजूला एक डाग, ‘पाय-रॅड्स ४’ आणि खाली ‘सुजेमुळेही असं दिसू शकतं, पडताळून पाहावं’ असं लिहिलंय. मुंबईचा भाऊ म्हणतो, गणपतीआधी बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) करून मोकळं होऊ. त्याने तारीखही घेतलीय. इथले डॉक्टर म्हणतात, थांबा, पीएसए पुन्हा करू. शेजारी सांगतात, सुई लागली की कॅन्सर पसरतो. अण्णांना आम्ही ‘सूज आहे’ एवढंच सांगितलंय. गिरणी संपानंतर छातीचं दुखणं घेऊन गावी आलेला आणि त्यातून उठलेला माणूस, आता हे ऐकून खचेल. एवढं मोठं मशीन, तरी सूज की कॅन्सर सांगता येऊ नये? दुसऱ्या चांगल्या मशीनवर एमआरआय केला तर पक्कं कळेल का?

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे पैसे आणि घाटातले हेलपाटे दोन्ही वाचतील. उद्याच्या उद्या दुसऱ्या मशीनवर एमआरआय केलात तरी बहुधा हाच रिपोर्ट हातात पडेल. मशीन साधं होतं म्हणून उत्तर गुळमुळीत आलं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण चुंबकाची ताकद १.५ टेस्ला असो वा ३ टेस्ला, दोन्ही मशीनवर प्रोस्टेटचा एमआरआय व्यवस्थित होतो. अडचण अशी आहे की, एमआरआय प्रोस्टेटमध्ये ज्या गोष्टी बघतो, त्या सुजेत आणि कॅन्सरमध्ये एकाच दिशेने बदलतात.

हा एमआरआय तीन तऱ्हेने बघतो. पहिल्या चित्रात पाणी उजळ दिसतं. प्रोस्टेटचा बाहेरचा भाग बारीक, द्रवाने भरलेल्या ग्रंथींचा असतो, म्हणून निरोगी माणसात तो पांढराशुभ्र येतो. तिथे पेशींची दाटी झाली की तो काळपट पडतो, मग त्या पेशी सुजेच्या असोत वा कॅन्सरच्या. बहुतेक प्रोस्टेट कॅन्सर याच बाहेरच्या भागात सुरू होतात, त्यामुळे तिथला काळा डाग कोणीही रेडिओलॉजिस्ट सोडून देत नाही. दुसऱ्या चित्राला डिफ्युजन म्हणतात. पाण्याचे रेणू किती मोकळे हिंडतात ते त्यात मोजलं जातं. आंगणेवाडीच्या जत्रेत देवळाजवळच्या रांगेत सापडलात तर पाय उचलायला जागा नसते, आणि बाहेर खाजाच्या दुकानांपाशी गर्दी असली तरी वाट काढता येते. कॅन्सरच्या पेशी रांगेसारख्या चिकटून असतात, सुजेच्या पेशी बहुधा दुकानांपाशी असतात तशा. या ‘बहुधा’तच सगळी मेख आहे, कारण सूज ताजी आणि जोरात असेल तर तिथेही पाण्याला हलता येत नाही. तिसऱ्या चित्रासाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्त उजळवणारं औषध) देतात. कॅन्सरच्या डागात रक्त लवकर धावतं, म्हणून तो भाग पटकन उजळतो. पण सुजलेल्या भागातही रक्त असंच धावतं.

मग अनुभवी रेडिओलॉजिस्ट निवड कशी करतो? मुख्यतः आकारावरून. सूज बऱ्याचदा पसरट असते, पट्ट्यासारखी किंवा पाचरीच्या आकाराची, अनेकदा दोन्ही बाजूंना, आणि तिला स्पष्ट कड नसते. कॅन्सर एका जागी गोळा झालेला, गोल किंवा भिंगासारखा, आणि डिफ्युजनमध्ये ठसठशीत काळा दिसतो. कधी तो प्रोस्टेटचं आवरण बाहेर ढकलतो. नुसता आकार पाहून बऱ्याच रुग्णांत योग्य दिशा मिळते. सगळ्यांत मिळत नाही, म्हणून तर तुमच्या रिपोर्टाखाली ते वाक्य आलं. ते वाक्य वाचून तुम्हाला राग आला असणार. मला मात्र ते लिहिणारा माणूस प्रामाणिक वाटला.

आता तो ‘चार’. पाय-रॅड्स ही १ ते ५ अशी श्रेणी आहे. ती पहिल्यांदा २०१२ साली आली आणि सध्या वापरात असलेली सुधारित आवृत्ती २०१९ ची. ४ म्हणजे उपचार लागेल असा कॅन्सर असण्याची शक्यता बरीच आहे. बायोप्सी केल्यावर अशा डागांपैकी ढोबळमानाने अर्ध्यांत तो सापडतो आणि बाकीच्यांत सापडत नाही. म्हणजे हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा मुळीच नाही, पण निकालही नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधला ‘प्रॉमिस’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय आणि मग अतिशय कसून बायोप्सी केली होती. एमआरआयने गंभीर कॅन्सर असलेल्या १०० पैकी ९३ जणांना पकडलं. जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने ४८. मात्र गंभीर कॅन्सर नसलेल्या १०० पैकी ४१ जणांनाच एमआरआय ‘तुम्हाला काही नाही’ असं सांगू शकला. उरलेल्या ५९ जणांच्या घरात तुमच्या घरासारखीच काळजी शिरली. एमआरआय कॅन्सर सहसा चुकवत नाही, पण खोटी हाळी बऱ्याचदा देतो, आणि ज्याला नुकतीच सूज येऊन गेलीय त्याच्या बाबतीत तर हे आणखी.

तुमच्या पत्रातले दिवस मी एका कागदावर ओळीने लिहून काढले. ताप, लघवी अडकली, नळी, नळी असतानाच पीएसए, सात दिवसांच्या गोळ्या, आणि तीन आठवड्यांनी एमआरआय. म्हणजे पीएसए आणि एमआरआय, दोन्ही तपासण्या आजाराच्या ऐन धामधुमीत झाल्या. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन आहे. जंतुसंसर्गाने पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपतं, लघवी अडकली तरी वाढतं, नळी घातली तरी वाढतं. अण्णांच्या बाबतीत ही तिन्ही कारणं एकाच आठवड्यात हजर होती. त्या आठवड्यातला १८.६ हा आकडा मी कॅन्सरच्या हिशोबात धरणारच नाही. तो खाली यायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही.

याच कारणाने आणखी एक हिशोब तूर्त बाजूला ठेवा. तुमचा भाऊ शिकलेला आहे, त्याने इंटरनेटवर ‘पीएसए डेन्सिटी’ वाचलं असेल. पीएसएला प्रोस्टेटच्या आकारमानाने भागायचं, आणि ०.१५ च्या वर आलं तर संशय वाढतो. १८.६ भागिले ५८ म्हणजे ०.३२, वाचूनच घाम फुटावा. पण समजा सप्टेंबरअखेर पीएसए ६ वर आला, तर तोच भागाकार ०.१० होतो. माणूस तोच, प्रोस्टेट तोच. फरक फक्त रक्त काढण्याच्या दिवसाचा.

रेडिओलॉजिस्टला या तारखा ठाऊक होत्या का, हेही बघा. एमआरआयसाठी दिलेल्या चिठ्ठीवर बऱ्याचदा ‘पीएसए वाढलेला’ एवढेच दोन शब्द असतात. जुलैतला ताप, नळी, मधुमेह यांतलं काही लिहिलेलं नसेल तर त्या बिचाऱ्याने डोळ्यांवर पट्टी बांधून काम केलंय. पहिलं काम हे करा. हे सगळं एका कागदावर लिहून, एमआरआयच्या सीडीसह (फिल्म पुरत नाहीत, सीडीच हवी) प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. दोन अनुभवी माणसांचं एकाच डागावर मत वेगळं पडणं हे या तपासणीत नवल नाही. त्यांना एक प्रश्न आवर्जून विचारा: हा चार थेट डिफ्युजनवरून आला, की मुळात तीन होता आणि कॉन्ट्रास्ट लवकर उजळल्यामुळे त्याचा चार झाला? बाहेरच्या भागात नियम असाच आहे, डिफ्युजनचा तीन असेल आणि तो डाग कॉन्ट्रास्टने लवकर उजळत असेल तर चार द्यायचा. सूजही लवकर उजळते, हे वर आलंच आहे. तेव्हा तीनाचा चार झाला असेल तर थांबायला जास्त आधार मिळतो.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुम्ही पत्राच्या ओघात लिहून गेलात की अण्णा गिरणी संपानंतर ‘छातीचं दुखणं’ घेऊन गावी आले. १९८२ च्या संपानंतर कोकणात परतलेल्या किती माणसांच्या छातीत तेव्हा क्षय होता, हे आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना सांगायला नको. अण्णांचं दुखणं क्षयाचंच होतं का? औषध किती महिने घेतलं, मध्येच सोडलं का? मी हे उगाच उकरत नाही. प्रोस्टेटमध्ये एक गाठाळ सूज येते, तिला ग्रॅन्युलोमॅटस प्रोस्टेटायटिस म्हणतात. क्षयाने ती येऊ शकते. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी पिशवीत बीसीजी सोडलेल्या रुग्णांतही येते. एमआरआयवर ती इतकी हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते की पाय-रॅड्स ५ सुद्धा मिळून जातो. तिथे चित्रावरून निवाडा होतच नाही, तुकडाच तपासावा लागतो.

जुलैत अण्णा बागेत अनवाणी, चिखलात काम करत होते का, हेही विचारा. किनारी कर्नाटकात पावसाळ्यात, विशेषतः मधुमेही माणसांत, मेलिऑइडोसिस नावाचा आजार आढळतो. त्याचे जंतू ओल्या मातीत असतात आणि त्याने प्रोस्टेटमध्ये पू साठू शकतो. तुमच्या वडिलांना तो आहे असं माझं म्हणणं नाही, शक्यता कमीच आहे. पण ताप परत डोकं वर काढत असेल, तर लघवीचं आणि रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) झालंय का, एवढं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. सात दिवसांच्या गोळ्यांबद्दलही विचाराच. तापासह आलेल्या प्रोस्टेटच्या संसर्गाला साधारण दोन ते चार आठवडे औषध देतात.

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याच माणसाला तुम्ही अंधारात ठेवलंय. ताई, ‘खचेल’ हे तुम्ही ठरवलंत. संप, छातीचं दुखणं, रिकाम्या हाताने गावी येऊन पुन्हा कलमं उभी करणं, हे सगळं ज्याने केलं तो माणूस ‘एक डाग दिसलाय, तो सुजेचा आहे की दुसरा कसला हे अजून ठरायचंय’ या वाक्याने कोसळेल, असं मला वाटत नाही. आणि वाक्य खरं तेवढंच आहे. ‘कॅन्सर’ हा शब्द लपवायची गरज नाही, तसा तो निकालासारखा त्यांच्यावर फेकायचीही नाही. शिवाय कोल्हापूरला नेऊन अर्धा-पाऊण तास त्या धडधडणाऱ्या बोगद्यात झोपवलंत, मुंबईहून रोज दोनदा फोन येतोय, तरी त्यांना काही कळलं नाही असं तुम्हाला खरंच वाटतं?

बोलायचं कोणी, हा प्रश्न वेगळा. लघवीच्या धारेबद्दल, नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल आपल्याकडचा बाप मुलीशी बोलणार नाही, आणि तसं बोलावं अशी अपेक्षाही नको. तुम्ही त्यांना डॉक्टरांच्या खोलीत एकट्याला आत जाऊ द्या, स्वतः बाहेर बसा. आत जाण्याआधी डॉक्टरांच्या हातात तारखांचा कागद द्या. तुमचे यजमान त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत असतील तर ते सोबत गेले तरी चालेल.

भावाची घाई समजते. दूर असलेल्या माणसाला काहीतरी करून टाकावंसं वाटतं, आणि चाकरमान्याच्या सुट्ट्या गणपतीभोवतीच फिरतात. पण संसर्ग पुरता निवळला नसताना बायोप्सीची सुई घालण्यात खरा धोका आहे तो जंतू रक्तात पसरण्याचा, आणि मधुमेही माणसाला तो जास्त. शेजारी म्हणतात तसं सुईने प्रोस्टेटचा कॅन्सर पसरणं ही इतकी दुर्मिळ गोष्ट आहे की निर्णय घेताना ती मोजायचीच नाही. म्हणजे शेजाऱ्यांचा सल्ला आणि डॉक्टरांचा सल्ला दोन्ही ‘थांबा’ असे असले तरी कारणं अगदी वेगळी आहेत. शेजारी कायमचं थांबा म्हणतायत. डॉक्टर काही आठवडे म्हणतायत.

काही आठवड्यांनी बिघडतं का? प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा वर्षांच्या हिशोबाने वाढतो, महिन्या-दोन महिन्यांच्या नव्हे. असलाच तर तेवढ्या उशिराने उपचार हातचे जात नाहीत. आणखी एक फायदा: बायोप्सीनंतर प्रोस्टेटमध्ये रक्त साकळतं आणि पुढचे काही आठवडे एमआरआय गढूळ येतो. एकदा घाईने टोचलं आणि काही निघालं नाही, तर मग ‘सुई नेमकी डागात गेली होती का’ हा नवा घोर सुरू होतो.

म्हणून भावाला तारीख रद्द करायला सांगू नका. त्याच तारखेला बायोप्सीऐवजी सल्ला घ्यायचा, असं रुग्णालयाला कळवायला सांगा. आणि सीडी दुसऱ्यांदा वाचून घेण्याचं काम त्याच्यावरच सोपवा. फोनवरची भांडणं निम्म्याने कमी होतील.

माझं मत तुमच्या इथल्या डॉक्टरांच्या बाजूने आहे, फक्त त्यात तारखा घालाव्यात असं वाटतं. संसर्ग निवळल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, आधी लघवीचं कल्चर आणि ते स्वच्छ असेल तर पीएसए, त्याच प्रयोगशाळेत. रक्त देण्याआधी दोन दिवस संबंध नको, लांबचा सायकलप्रवास नको. प्रोस्टेट लहान करण्याची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी अण्णांना सुरू असेल तर डॉक्टरांना आठवण करा. ती काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर आणते आणि आकडा खोटा दिलासा देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास एमआरआय पुन्हा. डाग विरला किंवा स्पष्ट लहान झाला आणि पीएसएही उतरला, तर सूजच होती असं धरून पुढे ठरावीक काळाने पीएसए बघत राहायचं. डाग तसाच राहिला तर मात्र पीएसए कितीही उतरलेला असो, बायोप्सी करायची. इथे बरीच घरं फसतात. गोळ्यांनी आकडा उतरला म्हणजे कॅन्सर नाही, असं होत नाही. सूज आणि कॅन्सर एकाच प्रोस्टेटमध्ये सुखाने नांदू शकतात. तिसरा एमआरआय करत बसू नका.

बायोप्सी ठरलीच तर डागावर नेम धरून करणार का आणि कुठल्या मार्गाने करणार, हे विचारा. गुदद्वारातून सुई घालण्यापेक्षा अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून घातली तर संसर्गाचा धोका कमी राहतो. ही सोय सगळीकडे नसते, तेवढ्यासाठी मुंबईची वाट धरणं मला योग्य वाटतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायच्या, स्वतःहून बंद करायच्या नाहीत. आणि रुग्णालयात ‘महात्मा फुले योजनेत काय बसतं’ हे आरोग्यमित्राला सुरुवातीलाच विचारून घ्या, बिल झाल्यावर नको.

पुन्हा एमआरआयला जाताना जुनी सीडी, तारखांचा कागद आणि ताजा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत हवा. मधुमेहात मूत्रपिंडाची ताकद बघून मगच कॉन्ट्रास्ट देतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर त्या दिवशी घ्यायची का, ते केंद्रावर विचारा. पेसमेकर किंवा शरीरात कुठलं धातूचं रोपण असेल तर ते नंबर लावतानाच सांगा. गोखरूच्या काढ्याने रिपोर्ट बदलणार नाही. अण्णांना घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावा.

हे सगळं मी अण्णांना न तपासता लिहितेय. बोटाने केलेल्या तपासणीत कडक गाठ लागली, कंबरेची हाडं रात्री ठणकू लागली, वजन घटत गेलं किंवा पाय लुळे पडल्यासारखे वाटले, तर वरचं वेळापत्रक बाजूला ठेवून लगेच युरोलॉजिस्टकडे जा. आणि थंडी वाजून ताप परत आला किंवा लघवी पुन्हा अडकली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री जवळचं रुग्णालय गाठा, आणि अण्णांना मधुमेह आहे व नुकतीच नळी लावली होती, हे दारातच सांगा.